वेब्ली की एन्फिल्ड

साळवे सरांना एखादी वस्तू कुणाला द्यायची असली की ते आधी ती पुसायला घेत, आणि पुसता पुसता त्यांचं मन बदले. या सवयीने त्यांनी माझं अख्खं वर्ष खाल्लं.

सर शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर श्रीगोंद्याकडच्या मळ्यात राहायला गेले. वडिलांपासून आलेली तीन हत्यारं त्यांच्या परवान्यावर होती: एक बारा बोअरची बंदूक आणि ब्रिटिश फौजेतली दोन जुनी रिव्हॉल्व्हरं. नव्या कायद्याने एका परवान्यावर दोनच ठेवता येतात. उसात बिबट्या फिरतो, त्यामुळे बंदूक घरात हवीच. म्हणजे एक रिव्हॉल्व्हर जाणार. ते पोलिसांत जमा होऊन भट्टीत जाण्यापेक्षा नगरला आमच्या कॉलेजच्या संग्रहात यावं, म्हणून माझी धडपड. संग्रहाला परवानगीही एकाचीच मिळणार होती.

एक होतं वेब्ली. पहिल्या महायुद्धातलं, रुबाबदार, हातात घेतलं की मनगट खाली जाणारं. दुसरं एन्फिल्ड; नंतरचं, लहानखुरं, मागच्या घोड्याला अंगठ्याने ओढायचं वरचं टोकच नसलेलं. रणगाड्यात चढता-उतरताना कुठे अडकू नये म्हणून तसं बनवलं, असं सांगतात. नगर हे रणगाड्यांचं गाव, लष्कराचं रणगाडा केंद्र इथंच; म्हणून मला एन्फिल्ड हवं होतं.

"घेऊन जा लेका," सर पहिल्याच दिवशी म्हणाले. मी त्याचा नंबर घालून अर्ज केला. आठवड्याने त्यांचा फोन आला. "आरं, हे न्हाई जमायचं. काल तेल लावून पुसलं. काय डौल हाय रे त्याचा! तू वेब्ली ने."

नंबर बदलला म्हणजे प्रतिज्ञापत्र नवं, अर्ज नवा. तो केला. सरांनी वेब्ली पुसायला घेतलं. पुन्हा फोन.

जिल्हाधिकारी कचेरीतला कारकून मला पाहिलं की लांबूनच विचारायचा, "आज कुठलं, सर?" शेवटी मी मळ्यावर जाऊन ओरडलोच, "सर, जे द्यायचंय ते पुसू नका ना!"

"मग मळकंच देऊ? लोक बघनार ना ते?"

"कॉलेजात आम्ही पुसू."

"तुमी? शाळंत तुजा ब्रश कधी धुतलेला पाह्यला न्हाई मी."

चहा घेऊन आलेली त्यांची सून मार्था हसली. "भाऊ, माझं जुनं शिलाई मशीन मामंजींनी त्यांच्या बहिनीला दिलं आन् टेम्पोतनं परत उतरवलं. तुमचं काय घेऊन बसलात!"

मला हसू आलं नाही. "ठरलं की कळवा. मी आता येणार नाही," म्हणालो आणि चहा तसाच ठेवून निघालो.

खरंच गेलो नाही. त्यांचा फोन आला तेव्हा तासावर होतो. नंतर करू म्हटलं, केला नाही. पावसाळ्यात सर गेले. काय ठरवलं होतं, की काहीच ठरवलं नव्हतं, हे आता कळायचं नाही.

ते गेले आणि परवाना संपला. मार्थाने तिन्ही हत्यारं ठाण्यात जमा केली.  संग्रहाच्या परवानगीवर त्यातलं एकच वाचणार होतं. बाकीचं धरपकडीतल्या गावठी कट्ट्यांबरोबर नष्ट करायला जाणार होतं. मी कचेरीत विनवण्या केल्या. "एकच नंबर लिहा," एवढंच उत्तर. मी एन्फिल्डचा लिहिला. तो बदलायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, स्वतःवरचा तर नाहीच.

संग्रह खुला झाला त्या दिवशी मार्था आली. एन्फिल्डच्या काचेपाशी बराच वेळ उभी राहिली. मग सगळ्या कपाटांवरून नजर फिरवत म्हणाली, "आनि दुसरं कुटं ठेवलंय, भाऊ?"

मी तिला चहा घेणार का, असं विचारलं.