रविवारची ड्युटी

लग्न होऊन कणकवलीहून वाकोल्यात आलेल्या सुगंधा परबांना आता त्रेचाळीस वर्षं झाली होती. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी पोळीभाजीचे डबे द्यायला सुरुवात केली आणि त्यावरच मुलाला, सुबोधला, शिकवलं. पुढे नवरा गेला. तीन वर्षांपूर्वी सुबोधही गेला, ऐन चौतिशीत, छातीत कळ येऊन. घरात उरल्या दोघीच, सुगंधाबाई आणि सून सपना.

दोघींचं कधी वाजलं नाही, पण बोलणंही फारसं होत नसे. सपना पवईच्या एका लॅबमध्ये कामाला होती. सातला यायची, भांडी घासायची, हलक्या आवाजात "आई, गोळी घेतलीत ना?" एवढं विचारायची. दिवाळीपासून तर तिला रविवारचीही ड्युटी लागली होती.

मे महिन्यात एक दिवस शेजारची श्वेता दारात उभी राहून म्हणाली, "काकू, परवा सपनाला बघितलं मी पवईच्या मैदानात. हाफ पँट घालून फुटबॉल खेळत होती! झकास खेळते हां."

"असेल," म्हणून सुगंधाबाई कुकर लावायला आत गेल्या. पण त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. खेळते तर खेळू दे, खोटं कशाला सांगायचं?

रविवारी सपना निघाली आणि तासाभराने त्यांनीही रिक्षा केली.

मैदानात गवत असं नव्हतंच. उन्हं कलली तरी जमिनीची धग पायाला लागत होती. दहा-पंधरा माणसं कडेच्या कट्ट्यावर बसली होती, त्यांच्यात त्याही टेकल्या. लाल धुळीत सात-सात जणी धावत होत्या. त्यात सपना कुठली, ते त्यांना कळेना. मग आवाज आला.

"किरण, मागे बघ! सोड, सोड, माझा आहे!"

आवाज खणखणीत होता. गोलपोस्टमध्ये हातमोजे घालून उभी असलेली बाई त्यांची सून होती. सुगंधाबाई बघतच राहिल्या. एवढा आवाज या पोरीच्या गळ्यात होता, आणि तो त्यांच्या घरात कधी निघालाच नव्हता.

एक-एक अशी बरोबरी होती. शेवटच्या मिनिटात किरण नावाच्या कोवळ्या मुलीच्या पायातून चेंडू निसटला. सपनाने झेप घेतली, पण चेंडू आत गेला. शिट्टी वाजली. हरल्या. किरण तिथेच तोंड झाकून बसली.

सपना धुळीतून उठली, लंगडत तिच्यापाशी गेली, तिला हाताला धरून उभं केलं. "रडतेस काय गं? एक गोल गेला म्हणून काय वाट लागली का आपली?" आणि ती हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. सुबोध गेल्यापासून सुगंधाबाईंनी हे हसणं ऐकलं नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

सपनाचं लक्ष कट्ट्याकडे गेलं आणि तिचा चेहरा उतरला. ती जवळ आली.

"आई, मी सांगणारच होते. पण लोक म्हणतील, नवरा जाऊन तीनच वर्षं झाली नि ही उड्या मारते. ते तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं असतं."

सुगंधाबाई घाईत किंवा मायेत आल्या की मालवणीवर जात.

"लोकांचा मरांदे. गुडघो फुटलो तुझो, तो आधी धू."

नळाखाली त्यांनी स्वतःच तिचा गुडघा धुतला. सपना लहान मुलीसारखी एका पायावर उभी, सासूच्या खांद्याचा आधार घेऊन. पाणी लागताच ती "स्स" करून कळवळली.

"गो, एक सांग माका," सुगंधाबाईंनी वर बघत विचारलं. "सगळी पायान खेळतत, मग तू एकटीच हातान कशी?"

सपना पुन्हा हसली. परतताना रिक्षात ती गोलकीपर म्हणजे काय ते सांगत सुटली. पेनल्टी, कॉर्नर, कोण कुठे उभं राहतं, किरण बिचारी कशी नवीन आहे. सुगंधाबाईंना निम्मं कळलं नाही. त्या मध्येमध्ये उगाच काहीतरी विचारत राहिल्या, तिचं बोलणं थांबू नये म्हणून.