टेकाडाला प्रदक्षिणा

बहरीनला कुणाकडंही पाहुणा आला, की शुक्रवारी त्याला फिरवायचं काम आमच्या गळ्यात पडायचं. नव्वदीतली गोष्ट. सलमानियातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी माणसांत गाडी काय ती आमच्याकडंच होती. फेरा ठरलेला. आधी समुद्रकाठचा जुना किल्ला, मग वाळवंटातलं ते एकटं झाड, आणि परतताना आली नावाच्या गावातली टेकाडं. टेकाडं म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची थडगी, मातीची, गोल, काही दोन माणसं उंच. सरकारनं तारेचं कुंपण घालून पाटी लावलेली. पाहुणे किल्ल्यावर फोटो काढायचे, झाडाखाली डबा खायचे आणि टेकाडं येईपर्यंत गाडीत घोरायचे. मला तर पुढं पुढं किल्ला दिसला की जांभई यायची.

मग सासूबाई आल्या. भुसावळहून, व्हिजिट व्हिसावर. त्यांना काचबिंदू होता. तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं तेच इकडच्यानं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप्स घाला, उरलेली जपा. त्यांचं बाकी काही मागणं नव्हतं. सांचीचा स्तूप तेवढा पाहायचा राहिला होता. सासरे रेल्वेत फिटर. सांची त्यांच्याच लाइनवर, फुकटचा पास, दर वर्षी म्हणायचे, यंदा जाऊ. पास निघाले ते लग्नांना आणि मयतींना. मग एक दिवस सासरेच गेले.

"नजर हाये तंवर एकदा ने रे मले," त्या लेकाला म्हणाल्या.

"लीव्ह मिळाली तर," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. अहो, आईला नुसतं 'हो' म्हणायला काय जातं? पण आमचे हे म्हणजे एक नमुना. खोटं बोलू नये हे शील आमच्या बुद्धवंदनेत सगळेच म्हणतात, पाळायचे मात्र हेच. यांच्या प्लांटवरची माणसं लीव्हसाठी एकच आजी दोन-दोनदा मारायची, यांनी साधी सर्दी कधी सांगितली नाही. सगळा देश उठता-बसता इंशाल्ला म्हणायचा, हे तेवढंही म्हणत नसत. उगाच आशा लावल्यासारखं होतं म्हणे.

तर एका शुक्रवारी सासूबाईंना घेऊन निघालो. किल्ला पाहून त्या म्हणाल्या, आपल्याकडं काय कमी हायेत? झाडाच्या खोडावर लोकांनी नावं कोरलेली होती, ती त्यांनी बोटांनी चाचपली, दोन शिव्या घातल्या आणि बाटलीतलं उरलेलं पाणी मुळाशी ओतलं. आलीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथल्या कुंभारांच्या भट्ट्या पेटलेल्या.

"हा धूर माह्या डोळ्यातला का भायेरचा?"

"बाहेरचा, आई."

आणि एकदम त्या ओरडल्या, "थांबव! थांबव गाडी!"

थांबवेपर्यंत त्यांनी दार उघडलंच होतं. खाली उतरल्या, चपला काढल्या, खडीवरून अनवाणी चालत पहिल्या टेकाडापाशी गेल्या. कुंपण तिथं मोडकं होतं. हात जोडले. ओठ हलताना दिसले, म्हणजे त्रिशरण चाललं होतं. टेकाड उजव्या हाताला ठेवून त्या त्याच्याभोवती चालू लागल्या.

"इथवर पोचले व्हते की आपले लोक!" केवढा आनंद त्या आवाजात! "काहून सांगितलं नाही रे मले?"

मी यांची बाही धरली. "एक शब्द बोलू नका. तुम्हाला माझी शपथ आहे." शपथ वगैरे हे मानत नाहीत, ते रागाच्या भरात मी विसरलेच.

एक फेरी यांनी पुरी होऊ दिली. मग जाऊन सांगितलं, "आई, हा स्तूप नाही. थडगं आहे, जुन्या लोकांचं."

त्या जागच्या जागी थांबल्या. मला तिथंच या माणसाच्या डोक्यात चप्पल घालावीशी वाटली.

"आत काय हाये?"

"हाडं. मडकी असतील एखाददोन."

"कोनाची?"

"ते कुणालाच माहीत नाही."

त्यांनी पदर सारखा केला. "मंग स्तुपात तरी काय असते रे? अस्थीच ना?"

त्या पुन्हा चालायला लागल्या. जरा वेळानं यांनी बूट काढले आणि आईचा दंड धरून मागून चालू लागले. लांबून राखणदारानं आता निघा म्हणून हाक मारली, "खलास, अम्मा, यल्ला!" "थांब रे बाप्पा, एक राह्यली," म्हणत त्यांनी तिसरी फेरी पुरी केली. मी दोघांच्या चपला-बूट हातात घेऊन उभी होते. टेकाडाकडं नीट पाहिलं ते मीही त्याच दिवशी.

यांना लांबलचक लीव्ह मिळाली तोवर सासूबाईंना नुसता उजेड आणि अंधार कळत होता. तरी नेलं. सांचीचा स्तूप केवढा मोठा! घडीव दगड, कठडा, चारी बाजूंना कोरीव तोरणं. आलीच्या त्या मातीच्या ढिगाशी तुलनाच नाही.

सासूबाईंनी कठड्यावर तळहात ठेवला.

"कसा हाये रे? तुह्या तिकडं पाह्यला, तसाच हाये का?"

यांनी मान वर करून स्तुपाकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हे तोरणांपासून सुरुवात करणार.

"तसाच आहे, आई. अगदी तसाच."

"मंग पाह्यला मी," त्या म्हणाल्या, आणि चपला काढण्यासाठी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.