वेटिंग कन्फर्म झालं!

हे ऐकायचं असेल तर आधी चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा एकीला असा ठसका लागला की सगळा चहा चादरीवर. फजिती माझी, आणि चादरही मीच धुतली!

तर झालं काय, इंग्लिश घेऊन बी.ए. केलं आणि पुढं एम.ए. करायचं ठरवलं. भाषांतराचं. हो हो, भाषांतराचं! अजून हसू नका, अजून काही झालेलं नाही.

दोन ठिकाणी अर्ज टाकले होते. हैदराबादनं सीट दिली. दिल्लीनं दिली नाही, पण सरळ नाही पण म्हटलं नाही. वेटिंग लिस्टवर ठेवलं, चौथा नंबर. आणि माझा जीव कुठं अडकलेला? अर्थात दिल्लीत! जे मिळालंय त्यात जीव अडकायला मी काय शहाणी आहे?

हैदराबादला शुक्रवारी पाचच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. नाही कळवलं तर सीट गेली. मग वर्षभर घरी. आणि मी घरी बसायचीच खोटी, शिरूरच्या मावशीनं एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. मुलगा कंपनीत सुपरवायझर, स्वभावानं शांत. इतका शांत, की बघायला आला तेव्हा पोहे संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आमचं घर दौंडच्या रेल्वे कॉलनीत. पप्पा मालगाडीवर गार्ड. हल्ली त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण डबा तोच, सगळ्यात शेवटचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये जाधवमामा, टीसी. आमच्याकडं 'वेटिंग' हा शब्द नुसता काढला तरी झोपलेला माणूस उठून बसतो.

"किती वेटिंग?" मामांनी भिंतीपलीकडूनच विचारलं.

"चार."

"चार? मग झालंच की! चार काय वेटिंग हाय व्हय? चाळीसवाली माणसं पाय पसरून झोपून जात्यात."

"मामा, ही गाडी न्हाई. युनिव्हर्सिटी हाय."

"माणसं तीच की! ऐनवेळी कॅन्सल करणारी माणसं सगळीकडं सारखीच."

पप्पांचं मात्र एकच म्हणणं. "चार्ट लागल्याबिगर हातातलं कन्फर्म सोडायचं न्हाई."

मला राहवेना. गुरुवारी मी दिल्लीला मेल केला. यादीत माझी जागा नक्की आहे ना, आणि ती कधी पुढं सरकेल? चार वेळा खोडून, पाचव्यांदा अगदी सेक्रेटरीच्या थाटात लिहिला.

शुक्रवार उजाडला. पप्पांची ड्यूटी रात्रीची, त्यामुळं दिवसभर घरात येरझाऱ्या. आई स्वयंपाकघरात डोळे मिटून प्रार्थना करत होती आणि तव्यावरची पोळी करपत होती. मी मोबाइल घेऊन पलंगावर. हैदराबादचं पान उघडलेलं, त्यावर दोन बटणं. हिरवं म्हणजे येते, लाल म्हणजे येत नाही. दर मिनिटाला मेल बघायचा, काही नाही. परत बघायचा, परत काही नाही. चार वाजून गेले, तरी काही नाही.

शेवटी मनाशी म्हटलं, बास. गपचूप हैदराबाद घ्यायचं. अंगठा हिरव्यावर नेला, आणि टिंग! दिल्लीचा मेल.

"वुई आर प्लीज्ड टू कन्फर्म युअर प्लेस ऑन द वेटिंग लिस्ट."

तुम्ही शांतपणे चहा पीत बसलाय, तुम्हाला बरोबर कळलं असेल. मला काय दिसलं सांगू? दोनच शब्द. वेटिंग आणि कन्फर्म! हे दोन शब्द शेजारी शेजारी आले की आमच्या घरात बॅगा भरायला घेतात हो! जन्मापासून तेच बघत आलेय.

"पप्पा! वेटिंग कन्फर्म झालं!"

मामा अनवाणी धावत आले. "बोललो व्हतो का न्हाई? कुठला कोच?"

"मामा, कोच नसतो तिथं."

"मग हॉस्टेलला खिडकीची जागा माग!"

पप्पांनी तेवढं विचारलं, "चार्ट लागला का पण?"

"लागला पप्पा! लेखी आलंय!"

"मग हैदराबादचं लगीच सोड. दोन सीटा अडवून बसायचं न्हाई. मागं कुणाचं तरी लेकरू वेटिंगला असंल."

हे ते इतक्या मायेनं म्हणाले! किती चांगला माणूस आहे आपला बाप, या विचारात मी लाल बटण दाबलं. 'नक्की?' त्या वेबसाइटनं विचारलं. मी म्हटलं नक्की. तिनं पुन्हा विचारलं, 'नक्की ना?' अहो, घरातल्या एकाही माणसानं एकदासुद्धा विचारलं नाही, पण ती बिचारी वेबसाइट दोनदा विचारत होती!

मग काय! मामा पेढे घेऊन आले. आईनं मावशीला फोन करून स्थळाला परस्पर नारळ दिला. चर्चच्या पाळकसाहेबांनाही कळवून टाकलं, रविवारी उपासनेत आभार मानायला.

दिवेलागणीला आई हात पुसत समोर येऊन बसली. "आता मला सगळं मराठीतनं वाचून दाखव. कशासाठी आभार मानायचे ते देवाला नीट सांगाया नको का?"

मी मांडी घातली. भाषांतर करणारी मुलगी, पहिलंवहिलं काम! एकेक शब्द सावकाश घेतला.

"आम्ही आनंदानं..."

"आमेन," आई म्हणाली.

"...निश्चित करतो..."

"आमेन!"

"...तुमची जागा..."

आईचे डोळे भरले. पप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"...प्रतीक्षा..."

"प्रतीक्षा कोण?" मामा म्हणाले.

"...यादीत."

पेढा मामांच्या तोंडातच राहिला. "म्हंजी वेटिंगचं वेटिंगच?"

"व्हय."

"मग त्यात आनंदानं काय सांगायचं!"

पप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गुपचूप ड्यूटीचा शर्ट चढवला आणि दारातून म्हणाले, "हैदराबादला फोन लाव." ऑफिस बंद. मग मी रडत रडत विभागप्रमुखांना मेल लिहिला. खरं ते सगळं सांगितलं, दौंड, टीसी, चार्ट, सगळं. शनिवारी उत्तर नाही.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मोठ्या आवाजात सांगितलं, आपल्या कॉलनीच्या लेकीला दिल्लीत जागा मिळाली! सगळ्या मंडळीनं टाळ्या वाजवल्या. मी आईचा पदर ओढला. "आई, सांग की त्यांना!"

"आभार वर पोचले," आई पुटपुटली. "आता माघारी कसे आणू? तू आपली टाळ्या वाजीव."

आणि मी वाजवल्या हो! स्वतःच्या न मिळालेल्या सीटसाठी.

सोमवारी हैदराबादहून फोन आला. सीट अजून पुढच्याला गेली नव्हती. तुमचा मेल सरांनी सगळ्या विभागाला वाचून दाखवला, असं फोनवरच्या बाई हसत हसत म्हणाल्या, आणि तुमची सीट तुम्हालाच ठेवायला सांगितलीय. मी फोन ठेवला आणि तिथंच फरशीवर बसून रडले. दिल्लीचं म्हणाल तर तिथला चौथा नंबर शेवटपर्यंत चौथाच राहिला. मामांचा अजून विश्वास बसत नाही.

हैदराबादला पहिल्याच तासाला तेच विभागप्रमुख सर आले आणि फळ्यावर काय लिहिलं असेल? दिल्लीच्या मेलमधलं तेच वाक्य! मी वहीत डोकं खुपसलं.

"एका उमेदवारानं हे वाचलं," सर म्हणाले, "आणि प्रवेश मिळाला असं समजून दुसरीकडची सीट सोडून दिली. का बरं?"

वर्गात हशा. कुणाला संशय नको म्हणून सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक दीडशहाणा म्हणाला, "इंग्लिश कच्चं असणार, दुसरं काय!"

कच्चं? माझं? मी ताडकन उठले. "कच्चं कसं? रेल्वेच्या गावात वेटिंग कन्फर्म होणं म्हणजे बर्थ मिळणं! लहानपणापासून तोच अर्थ कानावर पडलेला. त्या मुलीनं वाचलं ते अगदी बरोबरच वाचलं!"

सरांनी खडू खाली ठेवला.

"मुलीनं? मी तर नुसतं 'उमेदवार' म्हटलं होतं."