पदर आणि पँट
हळद शिजू लागली की तो कडवट, ओला वास नाकात शिरतो आणि अजूनही माझं डोकं तापतं. हिंगोलीजवळच्या गोरेगावात आमच्या अंगणात हळदीच्या कढया उकळत होत्या, त्याच दिवशी मला पाहायला पाहुणे आले. मी बी.ए.ला होते आणि दुसऱ्या दिवशी आधुनिक जपानच्या इतिहासाचा पेपर होता. डोक्यावर पदर घेऊन मी पाटावर बसले. मुलाच्या मामांनी विषय विचारला आणि ते खुशीत आले. "जपानी लोकायनं रीत सोडली न्हाई, म्हणून पुढं गेले. आमच्यातबी सुनंचा पदर खाली येत न्हाई." मुलगा हसला. मला राहवलं नाही. "तिथं पुरुषायनं शेंड्या कापल्या, कोट-पँट घातली. बायांनी केस कापले तर सरकारनं बंदी आणली. रीत काय बायांनीच सांभाळायची? तुमच्यात आता धोतर कोण नेसतं, मामा?" कडक इस्त्रीची पँट झटकत मामा उठले. "पोरीला लय शिकवलं तुमी," म्हणत पाहुणे निघाले. वडील ओरडले, "पाय धर त्यायचे! उद्यापासून कॉलेज बंद!" मी पदर डोक्यावरून खाली ओढला, पण जागची हलले नाही. वडिलांसमोर कधी तोंड न उघडणाऱ्या आईनं सकाळी मला हिंगोलीच्या जीपमध्ये बसवलं. "पेपर देऊन ये. तुह्या बापाचं मी पाहून घेते," ती रागानं म्हणाली. आज मी हाच विषय कॉलेजात शिकवते. बायकांच्या केसांवरच्या बंदीचा धडा आला की माझा आवाज चढतो, आणि मी तो खाली आणत नाही.