सावली विचारणारे सर

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ असं लिहिलं की आमचे भूगोलाचे सर अर्धा गुण कापत आणि शेजारी तांबड्या शाईनं लिहीत, ‘रोज?’ कवठे महांकाळच्या आमच्या शाळेत यावरून पालक भांडायला आले होते. सरांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "डोंगरावरच्या पवनचक्क्या अंगणातून दिसतात ना? सूर्य कुठल्या चक्कीमागून वर येतो ते वर्षभर बघा. एकाच चक्कीमागून आला, तर गुण परत देतो." थंडीत तो उजव्या टोकाच्या चक्कीमागून यायचा आणि उन्हाळ्यापर्यंत पार डावीकडे सरकायचा. गुण मागायला पुन्हा कुणी आलं नाही.

सर मूळचे कऱ्हाडजवळच्या मलकापूरचे. घरचा ऊस, थोरला भाऊ फौजेत, आणि हे मात्र आमच्या कोरड्या मुलखात बदली न मागता राहिले. "इथं ढग आड येत नाहीत, मला हाच मुलूख बरा," असं म्हणत. टँकरच्या पाण्यासाठी रांग लावायची वेळ आली की बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हेच वाक्य त्यांना ऐकवून कळशी हातात देत.

वर्गात खुर्चीवर बसलेले सर मला आठवतच नाहीत. ऋतू शिकवायचे तर पटांगणात एकाला सूर्य करून उभं करायचे आणि दुसऱ्याला पृथ्वी. "कलून फिरायचं, बाबांनो. सरळ झालात की ऋतू संपले!" मी पृथ्वी झाले की हमखास तोल जायचा आणि सर कपाळाला हात लावायचे. "घ्या, गेला आमचा हिवाळा."

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आबा, माझे वडील, आईला आणि कळपाला घेऊन कऱ्हाडकडच्या रानात जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. मी मागे मावशीकडे राहायचे. मी दहावीत असताना मावशी मुलाकडे पुण्याला गेली, आणि आबांनी ठरवलं की पोरगीही कळपाबरोबर येणार. "परीक्षा काय, फुडल्या वर्षी दिऊ," ते म्हणाले. आमच्यात पोरीचं ‘पुढलं वर्ष’ म्हणजे लग्न, हे मला चांगलं ठाऊक होतं.

सर घरी आले. आता हे आबांशी भांडणार म्हणून मी दाराआड जीव मुठीत धरून उभी. पण त्यांनी एवढंच विचारलं, "आबा, शाळेचं एक काम कराल? फूटभर काठी रानात सरळ रोवायची, भर दुपारी सावली सगळ्यांत आखूड होईल तेव्हा ती मोजायची आणि रविवारी मला फोन करायचा."

"एवडंच व्हय? करू की," आबा मोकळे होऊन म्हणाले. मला सरांचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

रविवारी फोन लागे. आधी "सावली किती?" आणि मग माझा धडा. रानात आवाज नीट येत नसे म्हणून स्पीकर चालू, त्यामुळे धडा आबांच्याही कानावर पडे. पौषात एकदा मी तापानं पडून होते, तेव्हा आबांनीच सावली मोजली आणि फोनवर जवळजवळ हुज्जत घातली. "आवं सर, ही आखूड व्हाय लागलीया. काठी तीच हाय, मीच रोवलीया. आसं कसं?"

"लय बारीक बघितलंत, आबा," सर म्हणाले. "पण कारण मी सांगणार नाही. तुमच्या पोरीला येतं. तिला विचारा." एरवी तासभर बोलणाऱ्या सरांनी फोन ठेवून दिला.

ताप उतरल्यावर आबांनी खरंच विचारलं. मी कांद्यात काटकी खुपसली, तिरकी धरली आणि पेटत्या चुलीभोवती फिरवली. काटकीचा कल मात्र बदलू दिला नाही. "ह्या बाजूला आपुन चुलीपासनं लांब कललोय, म्हून सूर्य खाली आन् सावली लांब. हितनं फुडं गेलो की चुलीकडं कलाय लागतो." आबांनी कांदा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः फेरी मारली. मग आणखी एक. "त्यो कालवणाचा कांदा हाय," असं आईनं बजावलं तेव्हा कुठे तो परत मिळाला.

पुढच्या रविवारी सावली सांगून झाल्यावर आबांनी घसा खाकरला. "सर, पोरगी परीक्षेला धाडतो. पर ऱ्हाईल कुटं?"

"आमच्या घरी. हिनं दिवाळीतच खाट टाकून ठेवलीय."

मी तिथंच मेंढरांत बसून रडले. परीक्षेचा अर्जही त्यांनी भरून घेतला होता. एवढं सगळं करूनही त्या माणसानं आबांना कधी घाई केली नव्हती.

मी दहावी झाले, पुढे शिकले, आता सांगलीत भूगोलच शिकवते. सर गेल्या थंडीत गेले. बातमी कळताच आबा मेंढरं भावावर सोपवून रानातून निघाले, पण पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बाईंसमोर पटका काढून बसले. शेजारचे एक गृहस्थ त्यांना धीर द्यायला म्हणाले, "सरांनी तुमच्या पोरीला शिकवलं, लय मोठं काम केलं."

"पोरगी आदीच हुशार हुती," आबा म्हणाले. "शिकायचा मी ऱ्हायलो हुतो. सरांनी मला शिकवलं."