दोन पाण्यांचा जव

भागीरथाबाईंना कशाची किळस म्हणून यायची नाही. ढिवराच्या घरातल्या बाई. मासे कापण्यात, धुण्यात आणि नागभीडच्या बाजारात टोपली मांडून बसण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी नाकाला पदर लावलेला गावानं एकदाच पाहिला, तो अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात.

त्याआधीच्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, नागपूरहून एक माणूस जवाचं बियाणं घेऊन आला. बिअरच्या कारखान्याला जव हवा होता. भिजवला की सगळ्या दाण्यांना सारखे मोड यायला हवेत, म्हणून दाणा टपोरा आणि निरोगी पाहिजे. "युरिया हात राखून टाका. जास्त झाला तर पीक लोळतं आणि दाणा कारखान्याच्या कामाचा राहत नाही. पाणी दोनदाच," असं त्यानं बजावलं.

दोनच पाणी लागणार म्हणून ढिवरांनी तलावाची मोरी उघडून शेताला पाणी सोडायला होकार दिला. उरलेल्या पाण्यात त्यांची मासोळी पावसाळ्यापर्यंत तगायची होती. सर्वांच्या वतीनं शब्द दिला तो भागीरथाबाईंनी.

तलावाखालच्या धानाच्या बांधीत लटारूनं जव पेरला. माणूस कष्टाळू, पण जन्मभर धानच केलेला. बांधीत पाणी चमकताना दिसलं नाही की त्याचा जीव वरखाली व्हायचा. दोन पाणी झाली, तिसरंही झालं. पुन्हा मोरी उघडी दिसली तशा बाई तरातरा बांधावर गेल्या. लटारू युरिया फेकत होता.

"लटारूभाऊ, जवाले पाणी देऊन राह्यला का म्हशी डुंबवून राह्यला?"

"बाई, पीक तर पाह्य! कसं काळंशार हाय. त्याले उपाशी ठेवू काऊन?"

"त्या मानसानं दोनच पाणी सांगतलं होतं ना?"

"त्याले बांधीतलं काय समजते?"

"अन् माह्या मासोया?"

"काई होत नाई. येवढा मोठा तलाव हाय!"

फाल्गुनात वारा सुटला आणि कमरेएवढा जव आडवा झाला. ओल्या मातीला टेकलेली कणसं बुरसली. चैत्रात तलावाचा चिखल झाला. त्यात मासे पोट वर करून पडले. वासानं गल्लीत उभं राहवेना. बाईंनी तोंडावर पदर न घेता टोपल्या भरल्या, मासे शेतात नेऊन पुरले.

नागपूरचा माणूस आला. त्यानं लटारूच्या पोत्यात हात घातला, दाणे हुंगले आणि हात झटकला. "याला मोड यायचे नाहीत. गुरांना घाला."

गुरांनीही तोंड लावलं नाही, तेव्हा लटारू एक पोतं घेऊन बाईंच्या अंगणात आला. आपण समजूत काढायला आलो आहोत, असंच त्याला वाटत होतं.

"बाई, हा जव ठेव. मासोयाले टाकजो."

भागीरथाबाईंनी पोत्याकडे पाहिलं, मग लटारूकडे. सावकाश पदर ओढून नाकाला लावला.

"कोनत्या मासोयाले, लटारूभाऊ?"

लटारू पोत्याचं तोंड सोडायला वाकला.

"उचल ते पोतं," बाई पदराआडून म्हणाल्या. "घान वास येते."