खुनी कोण ते मीच पोस्ट केलं

माहा धंदा भोंग्याचा. ऑटोच्या टपावर भोंगा बांधायचा, हातात माइक घ्यायचा अन् रायपूरच्या पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यातून, ओरडत फिरायचं. कुठं सेल लागला, कुठं फुकट डोळे तपासून राहिले, कुठं उद्या नळ येणार नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, पण शाळा माह्यात पहिलीपर्यंतही आली नाही. वाचता येतं, नाही असं नाही. पण एक ओळ वाचून होईपर्यंत पुढची ओळ म्हातारी होते. आवाज मात्र देवानं असा दिला, की मी बूढ़ापाऱ्यात खोकललो तं तलावापलीकडचा माणूस पाणी घेऊन येईल.

मंग लोकायच्या हातात मोबाइल आले अन् माह्या भोंग्याले कोणी विचारीना. छोट्या छोट्या संस्था हेच माहं गिऱ्हाईक, तेच म्हणाले लागले, "भैया, भोंगा रहने दो. फेसबुकवर पोस्ट टाकून देता का?"

मी म्हटलं, "हव, टाकतो ना!"

पोस्ट म्हणजे काय, हे विचारायचं राहूनच गेलं. घरी येऊन पोट्टीले विचारलं. माही पोट्टी शंकर नगरच्या एका ऑफिसात कामाले आहे. मराठी तिले सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येते. तिनं माह्या फोनमध्ये एआय टाकून देलं अन् म्हणे, "पापा, टाइप मत करो. माइक पे जैसे बोलते हो ना, वैसे बोलो. ये लिख के देगा, पढ़ के भी सुनाएगा."

पहिली पोस्ट होती तलावाकाठच्या हास्य क्लबची. मी घसा साफ केला अन् सोडली गाडी. "या हो या, हास्य क्लबले या! उद्या सकाळी सहा वाजता, तलावाच्या काठी! उद्या सकाळी सहा वाजता, तलावाच्या काठी! विसरू नका, उद्या सकाळी सहा वाजता..."

एआय लय अदबीनं बोललं, "तुम्ही वेळ आणि जागा तीनदा सांगितली आहे. मी एकदाच लिहू का?"

मले राग आला. ऑटो चालत राहते बाप्पा! पहिल्या घरवाल्याले "उद्या" ऐकू येते, दुसऱ्याले "सकाळी", तिसऱ्याले "काठी". तीनदा नाही सांगतलं तं तिसरा घरवाला काठी घेऊनच येईल. हे सगळं मी त्याले समजावून सांगतलं. त्यानं ऐकून घेतलं अन् म्हणालं, "पोस्ट एका जागी थांबते. वाचणारा आपल्या सवडीनं तिच्याजवळ येतो."

मी फोन खालीच ठेवला. इतकी वर्षं मी लोकायच्या मांगं पळून राहिलो होतो, अन् इथं लोक चालत येणार! ही गोष्ट मी त्या दिवशी चहावाल्याले सांगतली, पंक्चरवाल्याले सांगतली, तीन तीनदा सांगतली.

अन् मंग ते लाइक! जिंदगीभर मी ओरडलो तं लोकायनं खिडक्या लावून घेतल्या. आता त्याच लोकायचे अंगठे, बदाम, टाळ्या. समता कॉलोनीतल्या बायांच्या बचत गटाची पापडाची पोस्ट टाकली तं रात्रीपर्यंत पापड संपले. मी पोट्टीले म्हटलं, "तुहा बाप लेखक झाला." ती म्हणे, "पापा, लेखक वो है. आप भोंगा हो." पण मी हवेतच होतो, मले काय ऐकू येते.

अशा हवेत असतानाच आमच्या मराठी मंडळाचं नाटक आलं.

आमच्या मंडळात गणपतीत दर साली एक मराठी नाटक होते. लिहिणारे, बसवणारे, पडदा शिवून आणणारे सगळे एकच काका. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडले. नाटकात काम करणारेही अर्धे रेल्वेचे, त्याच्यानं दर वर्षी कोणी ना कोणी ड्युटीवर अडकतेच. पण खरी अडचण पाहणाऱ्यायची. नवीन पोट्टे मराठी नाटकाले येत नाहीत. मांगच्या साली तं पुढच्या दोन रांगा म्हातारे अन् मांगं नुसत्या खुर्च्या. यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी मीटिंगमध्ये सरळ सांगून टाकलं, "हॉल भरला तं ठीक. नाही तं पुढल्या वर्षीपासून नाटक बंद, ऑर्केस्ट्रा आणू."

मीटिंग सुटल्यावर काकांनी मले बाजूले घेतलं. "तुह्या त्या यंत्रावर लिही काहीतरी. असं लिही का पोट्टे आले पाहिजेत. नाटक गेलं तं मी गणपतीत काय करू बे? आरतीले टाळ्या वाजवू?"

मी म्हटलं, "काका, हॉल भरून देतो. शब्द आहे माहा."

नाटक खुनाचं होतं. श्रीमंत म्हातारा मरते, घरातल्या सगळ्यायवर संशय येते, अन् शेवटी इन्स्पेक्टर खुनी पकडते. खुनी निघते घरचा डॉक्टर. भोंगेवाल्याची सवय अशी का काही मांगं ठेवायचं नाही. ऑटो एकदाच जाते, जे आहे ते सांगून मोकळं व्हायचं. मी एआयले पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळं नाटक सांगतलं. म्हटलं, "आता असं लिही का वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे."

त्यानं लिहिलं अन् वाचून दाखवाले लागलं. "एक घर. एक मृत्यू. प्रत्येक ओठावर हसू, आणि प्रत्येक डोळ्यात भीती..." बस! माह्याच अंगावर काटा आला. मी ऑटोतल्या ऑटोत उडी मारली, डोकं टपाले लागलं. पुढचं ऐकतो कोण! सगळं उचललं अन् मंडळाच्या पेजवर टाकलं, सगळ्या ग्रुपवर टाकलं.

थोड्या वेळानं फोन असा वाजाले लागला का खिशात बेडूक ठेवल्यासारखा. मले वाटलं, गाजलं! पोट्टीचा फोन आला.

"पापा, आपने पूरा पढ़ा था?"

"काहून? काटा आला नाही का?"

"काँटा छोड़ो. नीचे देखो, नीचे."

खाली पाहिलं. एक एक अक्षर लावत वाचलं. खाली लिहून होतं, ज्या डॉक्टरांवर सगळ्या घराचा विश्वास होता त्यांच्याच हातून विष कसं दिलं गेलं ते. अन् त्याच्याही खाली, त्या पोस्टमध्येच, एआयनं माह्यासाठी लिहिलेलं: "सूचना: या मजकुरात डॉक्टर खुनी असल्याचं उघड होत आहे. उत्सुकता टिकवायची असेल तर तो भाग काढून देऊ का?"

ते मले विचारून राहिलं होतं. मी ते अख्ख्या रायपूरले विचारलं.

अन् लोकायनं उत्तरंही देली होती. एकानं लिहिलं, "राहू दे भाऊ, आता कळलंच आहे." दुसरा म्हणे, "टिकट के पैसे बच गए." टिकट नव्हतंच आमचं. पोस्ट मिटवली, पण तोपर्यंत ती माह्या भोंग्याच्याही पुढं निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी काकांच्या घरी गेलो. दार काकूनं उघडलं.

"या. डॉक्टरले अटक करवून आले का?"

"काकू, काका आहेत का?"

"आहेत. कालपासून भिताडाकडे तोंड करून आहेत. भिताड तरी कोणाले काही सांगत नाही."

काका खाटेवर होते. माह्याकडे पाहिलंच नाही. मी माफी मागितली, पहिले उभ्यानं, मंग बसून. काका म्हणे, "सहा महिने लिहिलं बे ते. सहा महिने! अन् तू एका मिनटात..." मले शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

काकू चहाचा कप आपटून म्हणे, "विचार ना आता तुह्या त्या यंत्राले, का काय करायचं! घर जाळलं, आता पाणी कुठं आहे ते तरी सांग म्हणा."

काकूचा टोमणा होता, पण मी खरंच विचारलं. जे झालं ते सगळं सांगतलं, माही गलती मीठमसाल्यासहित. एआयनं पहिले म्हटलं का ती सूचना त्यानं मजकुराच्या खाली न ठेवता आधी वेगळी सांगाले पाहिजे होती. मंग म्हणालं, "ज्यांनी पोस्ट वाचली त्यांना ती आठवणारच. लपवण्यापेक्षा चूक मोकळेपणानं सांगा, लोकांना ती आवडूही शकते. पण नाटकाचं पुढे काय करायचं, तो निर्णय दिग्दर्शकांचा आहे."

काका भिताडाकडून वळले. "काय म्हणे ते?"

"निर्णय दिग्दर्शकांचा आहे म्हणे."

"परत लाव."

परत लावलं. काका उठून बसले. आमच्या मंडळात त्यायले सगळे नाटकवाले काका म्हणतात, नाही तं पडदेवाले. दिग्दर्शक आतापर्यंत कोणीच म्हटलं नव्हतं. काकांनी चष्मा लावला, उशीखालून नाटकाची वही काढली, शेवटची पानं उलटली अन् एकदम हसाले लागले. असे हसले का काकू आतून पळत आली.

मी विचारलं, "काय झालं काका?"

"खुनी बदलतो."

"बदलता? कोण मंग? भाचा? का सून?"

काकांनी वही छातीशी धरली. "तुले सांगू? तुले? निघ बे इथून!"

त्या दिवसापासून माही अवस्था सांगतो. मी हॉलमध्ये पाय ठेवला का सगळे गप. साउंड लावाले गेलो तं इन्स्पेक्टर म्हणे, "भाऊ, जरा आलूगुंडे घेऊन या." बटाट्याचे गरम आलूगुंडे घेऊन आलो तं म्हणे, "चटणी?" शेवटच्या सीनची तालीम आली का मी बाहेर, आतून कडी. त्यातच नोकराचं काम करणारा ड्युटीवर अडकला. काका मले म्हणे, "तू कर. चहाचा ट्रे आणायचा, ठेवायचा, शेवटपर्यंत कोपऱ्यात उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही."

"काकाजी, तोंड बंद ठेवायचं म्हणजे ॲक्टिंगच झाली."

"तेच म्हणतो, शीक."

अन् नवीन पोस्ट? ती मी एआयशी बोलून केली. म्हटलं, "भाऊ, यावेळी सजवू नको. माह्या बोलण्यासारखंच ठेव. मी गाढव आहे हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे." त्यानं गाढव काही लिहिलं नाही, सभ्य आहे ते, मलेच घालावं लागलं. पोस्ट अशी झाली, खाली तेच हिंदीतही: "मी मंडळाचा भोंगेवाला गाढव. खुनी कोण ते मीच फोडलं. आता काकांनी खुनी बदलला आहे अन् मले सांगून नाही राहिले. मराठी समजत नसेल तरी या. आजी-आजोबाच्या बाजूला बसा, ते कानात सांगतील." शेवटी मी म्हटलं, "मले तं सुनेवर डाउट आहे, तेही टाक." एआय म्हणे, "तुम्हाला खात्री नसेल तर ते न टाकलेलं बरं." यावेळी मी शेवटपर्यंत ऐकलं. दोनदा.

पोट्टे तुटून पडले! "भैया, असली खूनी कौन है?" मी उत्तर टाकलं, "भाई, मेरेको भी नहीं बताया!" कोणी सुनेवर पैज लावली, कोणी भाच्यावर. एक पोट्टी म्हणे, खूनी तो ये भोंगावाला ही है, इसने नाटक का मर्डर किया. मीच तिले बदाम देला.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला. भरला म्हणजे काय, मंडपवाल्याकडून खुर्च्या आणाव्या लागल्या, तरी पोट्टे भिताडाले टेकून उभे. मी पडद्याच्या फटीतून पाहून राहिलो होतो. म्हातारी माणसं नातवायच्या कानाशी वाकून सांगून राहिली होती, सगळ्या हॉलभर नुसती कुजबुज, "वो बोल रही है कि वसीयत बदल दी." काका विंगेत, नवीन झब्बा, हातात वही. म्हणे, "आवाज येऊन राहिला ना बे?" म्हटलं, "काका, तुमच्याकडं पाहूनच सगळे आले." काका म्हणे, "खोटं बोलू नको. चहा घेऊन जा."

मी चहा नेला, ठेवला, कोपऱ्यात उभा राहिलो. तोंड बंद. शेवटचा सीन आला. मले इतकी उत्सुकता का मीच पहिल्या रांगेत बसल्यासारखा. इन्स्पेक्टर डॉक्टरजवळ थांबला, हॉल म्हणे, "ओऽऽ!" तो पुढं गेला. भाच्यापुढून गेला. सुनेपुढून गेला, माहा डाउट मेला. मंग तो चालत चालत कोपऱ्यात आला अन् माह्याकडं बोट केलं.

"हाच खुनी!"

मी मांगं वळून पाहिलं. मांगं भिताड.

"मी? मी नाही हो साहेब! आईशप्पथ!"

हॉल असा फुटला का माहा भोंगा लाजला असता. मांगून एक पोट्टा ओरडला, "भैया, सच बोल दो!" इन्स्पेक्टर ओठ दाबून हळूच म्हणे, "गप बसा, नाटक आहे."

"मंग पहिले सांगाले नाही पाहिजे का?"

त्यानं मोठ्यानं विचारलं, "चहा कोणी आणला?"

"मीच आणला! पण काकांनी सांगतलं आणाले!"

अन् मी विंगेकडं बोट केलं. पडद्यामांगं काका पडदा धरून खाली बसले होते, हसून हसून डोळ्यातून पाणी. लोक खुर्च्यायवर उभे राहिले. पोट्ट्यायनं काकांना ओढत स्टेजवर आणलं अन् म्हणाले लागले, "डायरेक्टर! डायरेक्टर!" काकांना नमस्कार कुठं करू ते सुचेना, त्यायनं चहाच्या ट्रेलेच केला.

मेकअप पुसायच्या खोलीत अध्यक्ष आले. मांगं चार-पाच पोट्टे होते, त्यातल्या एका पोट्टीनं आल्या आल्या विचारलं, "काकाजी, अगले साल मेरेको रोल दोगे? मराठी सीख लूँगी." अध्यक्षांनी घसा खाकरला. "ऑर्केस्ट्राचं मी आपलं असंच म्हटलं होतं. पुढल्या वर्षी कोणतं नाटक घेता?"

काका म्हणे, "डोक्यात आहे एक. सांगतो."

मंग त्यायनं माह्याकडं पाहिलं. सगळ्यायनंच पाहिलं.

"हव, हव," मी म्हटलं, "जातो ना बाहेर," अन् उड्या मारतच गेलो. बाहेर येऊन दार लोटलं, माह्या पोट्टीले फोन लावला अन् इतक्या मोठ्यानं सांगतलं का आतल्यायलेही ऐकू गेलं, "बेटा, पुढल्या वर्षी नाटक आहे! पुढल्या वर्षी नाटक आहे! नाटक आहे बेटा, पुढल्या वर्षी!"